वैशाखातले वादळ आणि मृगाचे अंदाज

खानदेशात वसंत हा पूर्वापार अंदाज सांगण्याचा ऋतू आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदेला पंचांगातले संवत्सरफल वाचले जाते आणि वर्षाचा मेघेश कोण, धान्येश कोण हे गावाला कळते. वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे आखाजीला, पाण्याने भरलेल्या घागरीखालची ढेकळे पाहिली जातात. आणि साधारण याच सुमारास, एप्रिलच्या मध्यावर, भारतीय हवामानशास्त्र विभाग येणाऱ्या मोसमी पावसाचा आपला पहिला अंदाज जाहीर करतो. या तिन्ही अंदाजांची भाषा वेगळी, सांगणारे वेगळे, प्रमाणे वेगळी. पण तिघांची नजर एकाच दिशेला लागलेली असते. ती मृगाकडे लागलेली असते. ज्या आकाशाखाली उभे राहून हे सांगितले जाते, ते आकाश मात्र याच दिवसांत दुपार कलल्यावर काळवंडते, धुळीचा लोट उठतो, वीज कडाडते आणि अर्ध्या तासात रावेर-यावलकडची केळीची बाग आडवी होते. डोक्यावरच्या वादळाविषयी आपल्या अंदाजांची परंपरा इतकी अबोल का राहिली, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो हवामानशास्त्राचा आहे तितकाच भाषेचा आणि वाङ्मयाचाही आहे, असे मला वाटते.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘हवामान खात्याने अंदाज वर्तवला’ हे वाक्य आपण रोज वाचतो आणि त्यातली गंमत आपल्या लक्षात येत नाही. ‘अंदाज’ हा फारसीतून आलेला शब्द. तो मराठीत रुळला तो हिशेबाच्या, मोजमापाच्या, पीकपाण्याच्या व्यवहारात. स्वयंपाकघरातही मीठ अंदाजानेच पडते. अंदाज चुकू शकतो हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. ‘वर्तवणे’ हे क्रियापद मात्र ज्योतिषाच्या घरचे. भविष्य वर्तवले जाते, भाकीत वर्तवले जाते. आणि जे वर्तवले ते खरे ठरले नाही तर वर्तवणाऱ्याची पत जाते. म्हणजे ‘अंदाज वर्तवणे’ या दोन शब्दांत दोन परंपरा शेजारी बसल्या आहेत. एक आधीच चुकीची मुभा मागून घेणारी, दुसरी ती मुभा नाकारणारी. ‘वेधशाळा’ या शब्दाचेही तसेच. ग्रहांचा वेध घेणारी जागा ती वेधशाळा. आपण तिच्याकडून पावसाची अपेक्षा करू लागलो. ‘वेधशाळेचा अंदाज’ म्हटले की मराठी माणसाच्या ओठावर जे मिस्कील हसू येते, त्याचे मूळ बहुधा या शब्दांच्या संसारात असावे. अंदाज ऐकताना आपण भाकिताची अपेक्षा ठेवतो.

खानदेशापुरते बोलायचे तर ज्योतिषाची परंपरा इथे लोकव्यवहारापुरतीच होती असे नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील, म्हणजे पाटणादेवीच्या परिसरातील, इ. स. १२०७ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केला आणि निकुंभवंशीय सोइदेवाने त्याला चंद्रग्रहणाच्या पर्वावर दान दिले, असे हा लेख सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. आजच्या जळगाव जिल्ह्याच्या हद्दीत, आठशे वर्षांपूर्वी, ग्रहणाची वेळ गणिताने काढू शकणारे शास्त्र शिकवले जात होते. ग्रहण हा आकाशातला असा प्रसंग आहे की ज्याविषयी वर्तवलेले खरे ठरते. पावसाचे तसे नाही. त्यामुळे पावसाचा विचार सिद्धान्ताच्या दालनात न होता संहितेच्या दालनात झाला, जिथे गणितापेक्षा लक्षणे महत्त्वाची होती.

या संहितांमधली सर्वांत थोर म्हणजे वराहमिहिराची बृहत्संहिता. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की पलीकडे उज्जैन. तिथे सहाव्या शतकात वराहमिहिराने मेघांच्या गर्भधारणेचे लक्षण सांगितले. मार्गशीर्षापासून आकाशात गर्भ राहतात आणि १९५ दिवसांनी त्यांचा प्रसव होतो, म्हणजे पाऊस पडतो, अशी ही कल्पना. कोणत्या महिन्यात काय दिसले तर गर्भ चांगला, हेही त्याने दिले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातला वैशाखाचा उल्लेख फार महत्त्वाचा आहे. वैशाखात ढग, वारा, पाणी, वीज आणि गडगडाट यांनी युक्त असलेले गर्भ हितकारक, असे तो म्हणतो. ज्या लक्षणांना आज आपण इशारा समजतो, ती त्याच्या लेखी पुढच्या चांगल्या पावसाची खूण आहेत. वैशाखातले वादळ हा इथे प्रसंग नाही, चिन्ह आहे. चिन्हाची दखल घेतली जाते ती त्याने सुचवलेल्या गोष्टीसाठी. त्याने आज कोणाचे काय मोडले याची विचारपूस होत नाही.

गारांविषयी मात्र वराहमिहिर जे सांगतो ते कवीला शोभावे असे आहे. प्रसवाच्या वेळी काही अडथळ्यामुळे गर्भ बरसला नाही, तर तो पुढे गारांसह पाणी देतो; दुभत्या जनावराचे दूध फार काळ सडातच राहिले तर जसे कठीण होते, तसे वेळ उलटून गेलेले पाणीही कठीण होते. आजचे शास्त्र गारेची उत्पत्ती वेगळी सांगते. उष्ण हवेच्या जोरदार ऊर्ध्वप्रवाहात पाण्याचे थेंब हिमांकाच्या वर फेकले जातात, गोठतात, त्यांच्यावर बर्फाची पुटे चढत जातात आणि प्रवाहाला वजन पेलेनासे झाले की गार खाली येते. तरीही ‘वेळ उलटून गेलेले पाणी’ ही वराहमिहिराची कल्पना ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण आपण आज वापरत असलेल्या ‘अवकाळी’ या शब्दातही तोच आरोप आहे. पाणी चुकीच्या वेळी आले, हा.

ग्रंथांकडून व्यवहाराकडे आले की पंचांगातला पर्जन्यनक्षत्रांचा तक्ता समोर येतो. सूर्य कोणत्या नक्षत्रात कधी प्रवेश करतो आणि त्या नक्षत्राचे वाहन कोणते, बेडूक की कोल्हा, मोर की गाढव, म्हैस की हत्ती, यावरून पावसाचे मान सांगायचे. शेतकऱ्याने या तक्त्याला आपले रंग दिले. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. नात्यागोत्याच्या भाषेत पावसाळ्याची कुंडली मांडण्याची ही रीत मराठी लोकभाषेचे एक लेणे आहे. पण हा तक्ता सुरू होतो साधारणपणे मृगापासून, क्वचित रोहिणीपासून. एप्रिलच्या मध्यापासून मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य अश्विनी, भरणी आणि कृत्तिका या नक्षत्रांतून जातो. नेमका हाच विजांचा आणि वाऱ्या-वावधानाचा काळ. त्या नक्षत्रांना वाहन नाही. संस्कृत काव्यातल्या ऋतूंची व्यवस्थाही अशीच. ऋतुसंहार ग्रीष्मापासून सुरू होते आणि तिथून वर्षाऋतूत जाते. मेघदूतातला मेघ आषाढाच्या पहिल्या दिवशी दिसतो. ग्रीष्म आणि वर्षा यांच्या सांध्यावर जे फुटते, त्याला स्वतःचे घर मिळाले नाही.

मग आखाजी. खानदेशात दिवाळीच्या तोलाचा सण कोणता असे विचारले तर पुष्कळ लोक आखाजीचे नाव घेतील. लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. पितरांसाठी घागर भरली जाते, तिच्यावर डांगर ठेवले जाते. आमरस आणि पुरणपोळीचे जेवण होते. सालदाराचे साल याच दिवशी संपते आणि नवे ठरते. म्हणजे शेतीचे आर्थिक वर्षच आखाजी ते आखाजी असे मोजले जाते. चार महिन्यांच्या नावांची चार ढेकळे घागरीखाली ठेवायची आणि झिरपलेल्या पाण्याने कोणते किती भिजले त्यावरून कोणता महिना ओला जाईल हे पाहायचे, ही रीत या हिशेबाच्या दिवसाला अगदी साजेशी आहे. नव्या सालदाराशी बोली करताना मालकाच्या आणि गड्याच्याही मनात पावसाचा काहीतरी आकडा असावा लागतो; ढेकळे तो पुरवतात. खानदेशाच्या पूर्वेला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ येथे याच दिवशी जी घटमांडणी होते, ती या रीतीचेच विस्तारलेले रूप म्हणता येईल. शेतात खड्डा करून मातीची ढेकळे, त्यांवर घागर, भोवती अठरा धान्ये, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचे वाचन. ही परंपरा चंद्रभान महाराज वाघ यांच्यापासून सुमारे साडेतीनशे वर्षे चालत आल्याचे सांगितले जाते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने तिच्या खरेपणाला वारंवार आव्हान दिले आहे आणि ते योग्यच आहे. पण वाङ्मयाच्या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट पाहावी. घट रात्रभर उघड्यावर असतो. त्या रात्री वारा सुटला, पाऊस आला, धान्य विखुरले, तर तेही वाचले जाते, आणि त्याचा अर्थ पुढच्या हंगामावर लावला जातो. वैशाखातले वादळ इथेही चिन्हच राहते.

याला अपवाद म्हणून नव्हे, पण याच्या बाहेर उभी असलेली एक साक्ष म्हणून बहिणाबाई चौधरींकडे पाहता येते. असोद्याची ही लेक (१८८०–१९५१) जळगावच्या परिसरात शेतात राबली. तिची गाणी तिच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, पुस्तकरूपाने आली. आखाजीवर तिचे गाणे आहे, पेरणीवर आहे, पावसावर आहे. आणि ज्योतिषाला आपल्या दारावरून परत पाठवणारी तिची एक कविताही आहे. जे भोगायचे ते भोगून झालेल्या बाईला हातावरच्या रेषा वाचणारा आणखी काय सांगणार, असा तिचा रोख आहे. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात. आखाजीच्या झोक्यात रमणारी ही कवयित्री भाकिताच्या बाजारात मात्र उभी राहत नाही. रीतीतला आनंद आणि रीतीतले भविष्यकथन यांची फारकत खानदेशातल्या एका निरक्षर शेतकरी स्त्रीने आपल्या परीने करून ठेवली होती.

जुन्या काळी वैशाखातल्या वादळाची कोणाला भीतीच नव्हती, असे मात्र समजू नये. फाल्गुनातली गारपीट गव्हाला, हरभऱ्याला आणि रब्बीच्या दादर ज्वारीला झोडपत असे. उघड्या खळ्यावरचे धान्य भिजे, आंब्याचा मोहर आणि कैरी झडे, वीज पडून माणसे-गुरे दगावत. पण चैत्र संपेपर्यंत बहुतेक पीक घरात आलेले असे आणि आखाजीला शेते रिकामी असत. बाजरी, ज्वारी आणि कपाशी यांवर चालणाऱ्या कोरडवाहू प्रदेशात रिकाम्या शेतावर पडलेला पाऊस नांगरटीला उपयोगी. धाब्याच्या घरावर माती टाकायची राहिली असेल तर त्याची ती आठवण. म्हणूनच मराठीत ‘वळीव’ हा शब्द सुखाचा झाला. वळवाच्या सरीने तापलेली माती निवते, वास सुटतो, कोणीतरी दूरचे परतून येते. कथेत आणि कवितेत वळीव येतो तो असा. शंकर पाटलांच्या पहिल्या कथासंग्रहाचे नावच ‘वळीव’ आहे. शेत रिकामे होते तोवर हा शब्द खरा होता.

इंग्रजी अमदानीत नवा अंदाज आला तोही याच दिशेने पाहणारा होता. कलकत्त्याचे १८६४ चे चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यांच्या पार्श्वभूमीवर १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचे अनुमान काढायला सुरुवात केली आणि १८८६ पासून असा अंदाज नियमाने प्रसिद्ध होऊ लागला. सरकारला हवा होता तो शेतसाऱ्याचा आणि दुष्काळाचा हिशेब. हा अंदाज त्या हिशेबासाठी होता. १८९९ मध्ये ब्लॅनफर्ड यांचे उत्तराधिकारी जॉन इलियट यांचा चांगल्या पावसाचा अंदाज सपशेल चुकला आणि संवत १९५६ चा म्हणून ‘छप्पन्नचा’ म्हटला जाणारा दुष्काळ खानदेशासह पश्चिम भारतावर कोसळला. टीका इतकी झाली की नंतर काही वर्षे अंदाज गोपनीय ठेवून फक्त सरकारला कळवला जाई. गिल्बर्ट वॉकर यांनी १९०४ ते १९२४ या काळात जगभरच्या वायुभारांची सांगड घालून जे मोठे काम केले, तेही मोसमी पावसासाठीच. १९२८ मध्ये खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. १९३२ मध्ये तिथे एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषि-हवामानाचा विभाग सुरू झाला आणि १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवृत्त जाऊ लागले. घागर, पंचांग आणि सिमला ऑफिस यांच्यात पद्धतीचे अंतर प्रचंड आहे. प्रश्न मात्र तिघांचा एकच होता: यंदा पाऊस कसा?

वादळाचा अंदाज जगात जिथे प्रथम दिला गेला, तिथे काहीतरी मोलाचे उघड्यावर उभे होते. इंग्लंडच्या अ‍ॅडमिरल रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ मध्ये वर्तमानपत्रात रोजचे हवामान-अंदाज छापायला सुरुवात केली ती समुद्रातल्या जहाजांच्या काळजीने. हे भविष्यकथन नव्हे, अनुमान आहे, हे ठसवण्यासाठी त्यांनी ‘फोरकास्ट’ हा शब्द मुद्दाम योजला. अमेरिकेत १९४८ च्या मार्च महिन्यात ओक्लाहोमातल्या लष्करी विमानतळावर एका चक्रावाताने उभी विमाने मोडली. पाचच दिवसांनी तसेच आकाश दिसल्यावर फॉबुश आणि मिलर या दोन हवामान-अधिकाऱ्यांनी पुन्हा चक्रावात येईल असा अंदाज दिला, आणि तो त्याच संध्याकाळी खरा ठरला. वसंतातल्या मोठ्या वादळांच्या पूर्वसूचनेचे आधुनिक शास्त्र तिथून जोमाने वाढले. भारतात असे लक्ष प्रथम गेले ते बंगालच्या कालबैसाखीकडे. २००५ च्या सुमारास आखलेला वादळांच्या निरीक्षणाचा कार्यक्रमही आधी पूर्व आणि ईशान्य भारतासाठी होता.

खानदेशात उघड्यावर उभी राहिली ती केळी. विसाव्या शतकात विहिरी, मग वीजपंप, पुढे ठिबक सिंचन, आणि सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून उत्तरेकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाघिणी यांनी तापीकाठचा शेतीचा दिनक्रम बदलून टाकला. २०१६ मध्ये ‘जळगाव केळी’ला भौगोलिक निर्देशांक मिळाला. जून-जुलैत लावायची ती मृगबाग, पावसाळ्यानंतर लावायची ती कांदेबाग. मृगबागेचा घड पुढच्या उन्हाळ्यात झाडावर लोंबत असतो. केळीचे खोड म्हणजे लाकूड नव्हे, एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचा पाण्याने भरलेला खांब. वर घडाचे ओझे, रुंद पाने शिडासारखी वारा धरणारी, आणि मुळे उथळ. शेतकरी बांबूचा टेकू देतो, बांधाला शेवरी किंवा गजराज गवत लावून वाऱ्याला आडोसा करतो. तरी एका संध्याकाळचा वारा वर्षाची कमाई जमिनीवर आणतो. नावात मृग असलेली बाग वैशाखात मोडते, याहून या इतिहासाचे नेमके चित्र मला सुचत नाही. आखाजीचे शेत आता रिकामे नाही. वादळ पूर्वीही येत होते; त्याच्या वाटेत आता उभे पीक आहे.

ते येते कसे, हे थोडक्यात सांगतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मध्ये तापीचे पश्चिमेकडे गुजरातेत उघडणारे खोरे. मार्चपासून हे खोरे भट्टीसारखे तापते. भुसावळ-जळगावचे तापमान पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणे ही मे महिन्यातली नेहमीची बातमी. वायव्येकडून येणारी कोरडी हवा आणि समुद्राकडून येणारी दमट हवा जिथे भेटतात, तिथे दुपारच्या तापाने हवा वेगाने वर चढते, बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात आणि त्यांतून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. केळी मोडते ती बहुधा या वाऱ्याने. असा ढग एक-दोन तास जगतो आणि काही गावांपुरता असतो. आठ दिवस आधी त्याच्या येण्याची परिस्थिती सांगता येते. कोणत्या शिवारावर तो फुटेल हे तासा-दोन तासांआधीच, आणि तेही रडारच्या मदतीने, सांगता येते. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत अभूतपूर्व गारपीट झाली. तेव्हा राज्यातली मोठी रडारे होती ती मुंबईत आणि नागपुरात. जळगावपासून दोन्ही सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरांहून लांब. पृथ्वीच्या वक्रतेमुळे एवढ्या अंतरावर रडारचा किरण जमिनीपासून आठेक किलोमीटर उंचीवरून जातो. ढगाचा माथा दिसलाच तर दिसायचा. पोटात काय चालले आहे ते नाही.

आता आजच्या अंदाजाची भाषा. ‘पुढील तीन तासांत जळगाव, धुळे जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस, ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे वाहण्याची शक्यता’ अशा धाटणीचा संदेश आज भ्रमणध्वनीवर येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले ‘दामिनी’ हे उपयोजन जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देते. जिल्ह्याला पिवळा, नारिंगी किंवा लाल रंग दिला जातो. ही प्रगती खरी आहे आणि तिने माणसे वाचतात. पण या वाक्यातला ‘तुरळक’ हा शब्द थांबून वाचावा. बोलण्यात तुरळक म्हणजे विरळ, नगण्य, दुर्लक्ष करण्याजोगे. खात्याच्या परिभाषेत मात्र तो एक प्रमाण सांगतो: त्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पंचाहत्तरपर्यंत. वसंतातली वादळे स्वभावानेच मोजक्या ठिकाणी येतात, त्यामुळे सर्वांत घातक वादळाच्या वाट्याला सर्वांत सौम्य विशेषण येते. ज्याच्या बागेवर ते आले त्याच्यासाठी ते शंभर टक्के असते. परिभाषेचा शब्द लोकभाषेतून उचलला की त्याचा जुना अर्थ मागे राहत नाही, सोबत येतो.

दुसरा शब्द प्रदेशाचा. हवामानाच्या नकाशावर महाराष्ट्राचे चार उपविभाग आहेत: कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. खानदेश हे नाव तिथे नाही. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झालेला, १९६० नंतर जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखला जाणारा, १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झालेला हा मुलूख ‘मध्य महाराष्ट्रा’त मोडतो, त्याच उपविभागात कोल्हापूर आणि महाबळेश्वरही आहेत. २००८ पासून जिल्हानिहाय अंदाज मिळू लागल्यावर ही अडचण पुष्कळ कमी झाली. तालुक्यापर्यंत शेतीचा सल्ला पोहोचवण्यासाठी देशभरात पुढे जवळपास दोनशे जिल्हा कृषि-हवामान केंद्रे उघडण्यात आली. २०२४ च्या आरंभी ती बंद करण्याचा निर्णय झाला. अंदाज जितका स्थानिक होतो तितका त्याला स्थानिक माणूस लागतो, हे या निर्णयाच्या वेळी कोणी फारसे बोलले नाही.

तिसरा शब्द ‘अवकाळी’. हे मुळात विशेषण. आता ते नाम झाले आहे. ‘अवकाळीने झोडपले’ असे आपण सहज लिहितो. जळगावकडच्या बोलण्यात ‘बेमोसमी’ही ऐकू येतो. कालपरवापर्यंत ज्या सरींना वळीव म्हणत त्यांनाच, उभे पीक मोडले की, अवकाळी म्हणतात. हिवाळ्यातल्या किंवा फाल्गुनातल्या पावसाला हा शब्द शोभेल. पण वैशाखातले विजांचे वादळ आपल्या वेळेलाच येते. वराहमिहिरालाही ते त्या महिन्याचे म्हणून ठाऊक होते. तरीही हा शब्द टिकतो, कारण त्याच्यावर मदत अवलंबून आहे. राज्य शासनाच्या आपत्तींच्या यादीत ‘अवेळी पाऊस’ आहे आणि पिकाचे तेहतीस टक्के किंवा अधिक नुकसान झाल्याचा पंचनामा असेल तर साहाय्य मिळते. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी गेल्या काही वर्षांच्या शासननिर्णयांनी १ मार्च ते ३१ जुलै या काळात ताशी ४० किलोमीटर किंवा अधिक वेगाचा वारा हा धोका मानला आहे. नुकसान बहात्तर तासांत कळवावे लागते. वेग मोजायचा तो महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर. ‘महावेध’ प्रकल्पातून २०१७ पासून अशी केंद्रे उभी राहिली, ही मोठीच सोय. पण मंडळात गावे अनेक आणि वादळ काही गावांपुरते. केंद्रावरचा वारा आणि बागेतला वारा यांत जे अंतर राहते, त्यात शेतकऱ्याचा दावा अडकू शकतो. घागरीखालचे ढेकूळ निदान प्रत्येकाच्या अंगणात होते.

विज्ञानाला मागे सारून घागरीकडे परतावे, असे हे लिहिण्यामागे मुळीच नाही. ढेकळाने कधी वादळ सांगितले नाही आणि सांगणार नाही. मला म्हणायचे आहे ते असे की, अंदाजाचा इतिहास हा त्या त्या काळी शेतात काय उभे होते याचा इतिहास असतो, आणि भाषा त्या शेतापेक्षा सावकाश बदलते. शेत पालटले, पण नक्षत्रांचा तक्ता मृगापासूनच सुरू होतो, वाङ्मयातला वळीव अजून मातीचा वास घेऊनच येतो, आणि नव्या अंदाजाने ‘तुरळक’ हा जुना शब्द नव्या अर्थाने वापरला तरी ऐकणारा जुनाच अर्थ घेतो. मराठीच्या वर्गांत परिभाषा शिकवताना आपण बहुधा कार्यालयीन पत्रव्यवहाराचे नमुने घेतो. त्याऐवजी मे महिन्यातला जळगाव किंवा धुळे जिल्ह्याचा हवामान-इशारा फळ्यावर लिहावा आणि विद्यार्थ्यांना विचारावे: यातला कोणता शब्द घरी केळी असलेल्या माणसाला घाबरवील, आणि कोणता त्याला निष्कारण निर्धास्त करील? जळगाव आणि धुळ्याच्या महाविद्यालयांत अशा घरची मुले पहिल्या बाकांवर बसलेली असतात. त्यांना उत्तर शिकवावे लागणार नाही.